फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातलं पेन

(सोलापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. माझ्याकडे एक ताई येतात. वय 42, शाळेत शिकवतात. वजन 91 किलो, शुगर काठावर आलेली, गुडघे दुखायला लागलेले. आम्ही त्यांना वजन कमी करण्याचं, आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात आल्या त्या तोंड बारीक करूनच. म्हणाल्या, "मॅडम, औषध चालेनासं झालंय. पहिल्यासारखीच भूक लागते." मी म्हटलं, पेन दाखवा. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं पेन काढलं. उजेडात धरून बघितलं. आतलं औषध पाण्यासारखं नितळ दिसायला हवं, ते किंचित गढूळ दिसत होतं.

"कुठे ठेवता?"

"फ्रीजमध्येच की."

"फ्रीजमध्ये कुठे?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "वरच्या कप्प्यात, अगदी मागे. बर्फाच्या खणाला लागून. पुढे खोबऱ्याचा डबा लावून ठेवते. घरात कुणाला माहीत नाही ना."

पेन गोठलं होतं. हे औषध एकदा गोठलं की पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं, टाकूनच द्यायचं. म्हणजे काही हजार रुपये आणि तीन आठवडे वाया गेले, ते त्या खोबऱ्याच्या डब्यापायी.

या इंजेक्शनांवर बोला असं मला सांगितलं तेव्हा आधी ह्या ताईच आठवल्या. त्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे. कारण इंजेक्शनचा त्रास होऊन माझ्याकडे जे आले, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या त्रासाचं मूळ औषधात कमी आणि लपवण्यात जास्त होतं. कुणी नवऱ्यापासून लपवतं, कुणी सासूपासून, कुणी नेहमीच्या डॉक्टरांपासून. लोक म्हणतील ना, चालायला नको, जीभ आवरायला नको, सुया टोचून बारीक झाली. डायबेटिसचं इन्सुलिन घेणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. बीपीची गोळी घेणाऱ्यालाही म्हणत नाही. वजन मात्र अजून आपल्याकडे आळशीपणाचं प्रमाणपत्र समजलं जातं. आज इथे बसलेल्यांतही काही जण हे इंजेक्शन घेत असतील आणि शेजारच्या खुर्चीतल्याला ते माहीत नसेल. म्हणून मी हात वर करायला सांगणार नाही. नुसतं ऐका.

आधी हे औषध करतं काय ते बघू, म्हणजे त्रास का होतो ते आपोआप कळेल. आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन रक्तात येतं. त्याचं नाव जीएलपी-1. ते स्वादुपिंडाला सांगतं, साखर येते आहे, इन्सुलिन सोड. जठराला सांगतं, सावकाश, सगळं एकदम पुढे ढकलू नकोस. आणि मेंदूला सांगतं, पुरे आता. पण हे नैसर्गिक हार्मोन दोन-तीन मिनिटांत मोडून जातं. शास्त्रज्ञांनी केलं एवढंच की तसाच, पण लवकर न मोडणारा रेणू बनवला. त्याची सुरुवात कुठून झाली ते ऐकायला गंमत वाटेल. अमेरिकेच्या वाळवंटी भागात गिला मॉन्स्टर नावाचा पालीच्या जातीचा विषारी प्राणी आहे. त्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना 1990 च्या सुमारास असा एक रेणू सापडला, जो या हार्मोनसारखंच काम करतो पण लवकर मोडत नाही. त्यावरून बनलेलं औषध अमेरिकेत 2005 मध्ये मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. आजचं सेमाग्लुटाइड वेगळ्या रीतीने बनवलेलं आहे आणि आठवडाभर टिकतं. ओझेम्पिक आणि वेगोव्ही ही त्याचीच नावं. दुसरं टिरझेपाटाइड, म्हणजे मौंजारो. ते जीएलपी-1 बरोबर आणखी एका हार्मोनचं काम करतं. आपल्याकडे मौंजारो मार्च 2025 मध्ये आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतची, म्हणून आता त्याच औषधाची आणखी नावं तुमच्या कानावर पडणार.

आता लक्षात ठेवा, जठर सावकाश रिकामं होतं आणि औषध आठवडाभर अंगात राहतं. मळमळ, उलटी, करपट ढेकर, पोट साफ न होणं हे सगळं या दोन गोष्टींतून येतं. सेमाग्लुटाइडचा 2021 साली प्रसिद्ध झालेला जो मोठा अभ्यास होता, 1961 माणसांवरचा, त्यात औषध घेणाऱ्यांपैकी 44 टक्क्यांना कधी ना कधी मळमळ झाली. चारांतल्या एकाला उलट्या झाल्या, जवळजवळ तेवढ्यांनाच बद्धकोष्ठ झालं. पण त्याच अभ्यासात पोटाच्या त्रासामुळे औषध कायमचं सोडणारे शंभरात पाचसुद्धा नव्हते. का? कारण त्यांना डोस पायरीपायरीने दिला होता आणि विचारायला माणूस होतं. 68 आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी 15 टक्के उतरलं.

ही पायरी फार महत्त्वाची. सेमाग्लुटाइड 0.25 मिलीग्रॅमपासून सुरू होतं. चार आठवडे तेवढंच. मग 0.5, मग 1, मग 1.7, मग 2.4. टिरझेपाटाइड 2.5 पासून, चार आठवड्यांनी 5, आणि पुढेही तसंच सावकाश. पहिला महिना वजन कमी करण्यासाठी नसतोच. तो पोटाला सवय लावण्यासाठी असतो. तुम्ही म्हणाल, महिना झाला, फक्त किलोभरच उतरलं, डोस वाढवते. अशी घाई करू नका. वाढवायची तारीख कॅलेंडरवर असली तरी मळमळ चालू असेल तर पुढची पायरी चढायची नाही. तिथेच आणखी महिनाभर थांबायचं. काहींना 1 मिलीग्रॅमवरच पुरेसा गुण येतो, त्यांना वर न्यायचं काही कारण नाही. गोळी उलटून पडली तर पडली, पण टोचलेलं औषध बाहेर काढता येत नाही. जास्त डोस गेला तर तो त्रास कित्येक दिवस सोसावा लागतो.

इथेच एक गल्लत सांगून ठेवते. काही औषधं पेनमध्ये येतात, काही छोट्या कुपीत. कुपीतलं औषध सिरिंजने ओढावं लागतं. आपल्या मेडिकलमध्ये इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात, 40 च्या आणि 100 च्या. अर्धा मिलि औषध म्हणजे 40 च्या सिरिंजवर 20 युनिट आणि 100 च्या सिरिंजवर 50 युनिट. घरातल्या सासऱ्यांची इन्सुलिनची सिरिंज उचलून अंदाजाने ओढाल तर डोस दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. पहिलं इंजेक्शन नर्ससमोर किंवा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने घ्या. पोटावर बेंबीपासून दोन बोटं लांब, नाहीतर मांडीवर. दर आठवड्याला जागा थोडी बदला. दुसऱ्याचं पेन, सुई बदलली तरी, वापरायचं नाही. बहिणीबहिणींत एक पेन वाटून घेतलेलं मी पाहिलंय. पेनच्या आत दुसऱ्याचं रक्त येऊ शकतं, डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

आणि आता हा आपला उन्हाळा. सोलापुरात 42-43 म्हणजे नेहमीचंच. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा भाजीच्या ट्रेजवळ. बर्फाजवळ ठेवायचं नाही. बाहेर ठेवायचं झालं तर 30 अंशांच्या खाली, तेही ठरावीक दिवस. एखादं औषध 21 दिवस चालतं, एखादं 28, खोक्यात येतो तो कागद वाचा. एप्रिलमध्ये आपल्या घरात 30 अंश कुठे असतात? एसटीने पुण्याला निघालात तर थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये टॉवेल घाला. आणि गाडीच्या डिकीत तर नाहीच.

आता स्वयंपाकघरात येऊ. या औषधाचा निम्मा उपचार तिथे होतो असं मी मानते. जठर सावकाश रिकामं होत असेल तर तळलेलं आणि तुपा-तेलाचं पहिल्यांदा बाधणार. शेवेची तर्रीवाली प्लेट, भजी, मटणाचा तवंग आलेला रस्सा, ही सगळी पोटात तासन्‌तास बसून राहतात. कुजक्या अंड्यासारखा वास येणारे ढेकर येतात, त्याची लोकांना फार लाज वाटते आणि ते सांगत नाहीत. सांगा, उपाय आहे. जेवण लहान करा. एका ताटाचे दोन भाग, दुपारी एक आणि पाच वाजता दुसरा. रात्री आठच्या आत जेवा आणि जेवून लगेच आडवं होऊ नका. घास सावकाश. पोट भरल्याची पहिली खूण येते, उचकी येते, नाक गळतं, नकोसं वाटतं, तिथे हात थांबवा. पुढचे दोन घास तुमचे नाहीत. ज्या दिवशी इंजेक्शन, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साधं खा. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीचं आंबील, पातळ ताक, उकडलेलं अंडं. मळमळीला आल्याचा तुकडा किंवा लिंबू-मीठ चालतं. उलटीची गोळी लागली तर डॉक्टरांना विचारून घ्या, कारण त्यातल्या नेहमीच्या ऑन्डनसेट्रॉनने पोट आणखी घट्ट होतं.

पोट साफ होत नाही, ही तक्रार मळमळीपेक्षा जास्त दिवस टिकते. खाणं निम्म्यावर आलं की पाणीही निम्म्यावर येतं, कारण आपण पाणी बहुतेक जेवणाबरोबर पितो. तहानसुद्धा कमी लागते. म्हणून मोजून प्या. सकाळी दोन लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवा, रात्री रिकामी दिसली पाहिजे. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांना विचारा. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबरच, नाहीतर तेच आत अडून बसतं. पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका. चार-पाच दिवस पोट झालंच नाही, फुगलं, वारासुद्धा सरत नाही, उलट्या होतात, तर घरचे उपाय बंद करा आणि दवाखान्यात या.

संक्रांतीचा एक प्रसंग सांगते. 51 वर्षांचे गृहस्थ, बीपीची गोळी चालू, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. इंजेक्शनचा डोस दोनच दिवसांपूर्वी वाढवलेला. घरात कुणाला माहीत नाही. बहिणीच्या घरी जेवायला गेले. शेंगाची पोळी म्हणजे आपल्याकडे संक्रांतीला आग्रहाचा कळस. दादा, एवढीच. दादा, माझ्या हातची एक. चार पोळ्या, वर तूप. त्यांना दुसऱ्या पोळीलाच नको झालं होतं, पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या, त्या सकाळपर्यंत थांबल्या नाहीत. लोकांना वाटलं अन्न बाधलं. एका ठिकाणी भरती केलं, तिथेही त्यांनी इंजेक्शनबद्दल काही सांगितलं नाही, आणि बीपीची गोळी नेहमीप्रमाणे चालू राहिली. अंगातलं पाणी कमी, वरून पाणी काढणारी गोळी. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा लघवी जवळजवळ बंद होती आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, 3.1 होतं. सलाईनवर आठवड्याभरात किडनी पूर्ववत झाली, नशीब चांगलं. त्यांची बहीण बाहेरच्या बाकावर रडत होती. मला म्हणाली, "मॅडम, मला सांगितलं असतं तर मी अर्धीसुद्धा वाढली नसती हो."

तिचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे माया ताटात दिसते. वाढणारीचा त्यात काय दोष? तिला माहीतच नव्हतं.

म्हणून उलट्या-जुलाबाच्या दिवसांचा नियम घरातल्या एका तरी माणसाला पाठ असू द्या. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, घोट घोट. पाणीही टिकत नसेल तर घरी थांबायचं नाही. लघवी कमी आणि गडद झाली तर घरी थांबायचं नाही. आणि त्या दिवशी बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या शुगरच्या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या, हे फोन करून विचारायचं. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर इंजेक्शन सुरू करतानाच त्यांचा डोस कमी करायचा की काय ते डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. खाणं निम्मं झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर खाली जाणारच. दरदरून घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. खिशात साखर ठेवा.

काही खुणा अशा आहेत की रात्री दोन वाजता दिसल्या तरी सकाळची वाट बघायची नाही. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ती पाठीत जाते आणि थांबत नाही. ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. क्वचित होते, पण होते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, तर पित्ताशयातले खडे. वजन झपाट्याने उतरलं की ते कोणत्याही मार्गाने उतरलं तरी खडे व्हायचा संभव वाढतो. एका डोळ्याने अचानक कमी दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ज्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे त्यांनी सुरू करण्यापूर्वी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर एकदम उतरली की आधीपासून बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. आणि ज्यांच्या घरात थायरॉइडच्या मेड्युलरी जातीचा कॅन्सर झालेला आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये. साधा थायरॉइड, रोजची सकाळची गोळी, तो यात येत नाही. हा प्रश्न मला रोज येतो म्हणून सांगितलं.

आता आणखी कुणाकुणाला सांगायचं? ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना. रात्रभर उपाशी राहिलात तरी या औषधावर जठरात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलेत ते श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. दुर्बिणीची तपासणी असेल तरी सांगा. भूलतज्ज्ञ तुम्हाला आदल्या दिवशी पातळ पदार्थांवर ठेवतील, किंवा एखादा डोस पुढे ढकलायला सांगतील. त्यांना माहीत असेल तर हा प्रश्न सोपा आहे. आणि बायकांनो, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास, असलेल्या मुलींचं वजन उतरलं की पाळी नियमित होते, बीज तयार व्हायला लागतं. इतकी वर्षं राहत नव्हतं, म्हणून निर्धास्त असलेल्या मुलीला अचानक दिवस जातात. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं. टिरझेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा. एक आई आपल्या लेकीच्या लग्नाआधी तिचं वजन कमी करायला हे लिहून घ्यायला आली होती. मुलगी 58 किलोची, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 23. मी दिलं नाही. ही औषधं ज्या अभ्यासांवर मंजूर झाली, त्यांत बीएमआय 30 च्या वर असलेले, किंवा 27 च्या वर आणि सोबत वजनाशी जोडलेला आजार असलेले लोक होते. फोटोसाठी पाच किलो हा त्याचा उपयोग नाही.

बीएमआयवरून एक सांगायचं राहिलं. आपण भारतीय माणसं काट्यावर बारीक आणि आतून चरबीवाली असतो, हे जगाला समजावून सांगण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणून आपल्याकडे 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर स्थूलपणा धरतात. पण मला त्या फोटोतली दुसरी बाजू या इंजेक्शनच्या संदर्भात जास्त काळजीची वाटते. चरबी जास्त म्हणजे स्नायू कमी. आपलं स्नायूंचं भांडवल मुळातच तुटपुंजं. आणि या औषधाने जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. टिरझेपाटाइडच्या अभ्यासात उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नव्हता, सेमाग्लुटाइडमध्ये तो भाग त्याहून जास्त होता.

भूक नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बायका मी बघते. बरं वाटतं त्यांना, काटा खाली जातोय. मग तीन-चार महिन्यांनी केस विंचरताना पुंजके हातात येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. केस बहुधा परत येतात, ते झपाट्याने वजन उतरल्याचं लक्षण असतं. मांडीतला स्नायू मात्र आपोआप परत येत नाही. या औषधावर असताना खाणं हे भुकेवर सोडायचं काम राहत नाही, ते ठरवून करायचं काम होतं. आधी प्रथिनं खा, मग भाकरी. मटकीची उसळ, पिठलं, पनीर, दोन अंडी, सोयाबीनच्या वड्या, मासे खाणारे असाल तर भाजलेला बांगडा. शेंगाची चटणी चांगली, पण ती चमचाभर, तेल घातलेली आहे. नवरात्रात नऊ दिवस फक्त साबुदाण्यावर या औषधाबरोबर राहू नका. उपास सोडा असं मी म्हणत नाही, दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा यांवर करा आणि मला आधी सांगा. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ताण येईल असा व्यायाम. जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. आमच्या ताईंनी पीठाच्या पाच किलोच्या पिशवीपासून सुरुवात केली.

बनावट मालाबद्दल दोन शब्द. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून, बिलाशिवाय, कुरिअरने येणारी कुपी घेऊ नका. लपवून घ्यायचं असतं म्हणूनच लोक बिल मागत नाहीत. चिठ्ठी, बिल, बॅच नंबर, आणि दुकानातून घेताना ते फ्रीजमधून काढून दिलं का तेवढं बघा.

राहिला पैशांचा आणि थांबवण्याचा प्रश्न. तो मी सुरुवातीलाच, पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी विचारते. किती महिने परवडेल? त्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाच्या दोन तृतीयांश वजन परत आलं. त्यांचा निश्चय कमी पडला म्हणून नव्हे. औषध थांबलं की मेंदूला पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं आणि शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. बीपीची गोळी थांबवल्यावर बीपी चढतं, तसंच. तेव्हा तीन महिन्यांचे पैसे आहेत आणि पुढचं बघू, असं असेल तर मी म्हणते, आत्ता सुरू करू नका. आधी चालणं, खाणं, झोप, शुगरच्या साध्या गोळ्या. आणि मध्येच दोन-तीन आठवडे सुटलं, गावाला गेलात, पेन संपलं, तर जुन्याच मोठ्या डोसने परत सुरू करू नका. पोटाची सवय मोडलेली असते. फोन करा, बहुधा खालच्या पायरीवरून चढावं लागतं.

आमच्या ताई आता 78 किलोंवर आहेत. नवीन पेन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल असं, पुढेच असतं. घरी सांगितलं त्या संध्याकाळी सासूबाई काही बोलल्या नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंच्या ताटात नेहमीच्या वाडग्याऐवजी छोटी वाटी ठेवली, आणि उसळ आधी वाढली.

प्रश्न विचारा. हो, मागच्या ओळीतले काका, बोला.

"माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो मे महिन्यात येताना माझ्यासाठी चार पेनं आणतोय. वय 73, वजन 68. पोट सुटलंय. घेऊ का?"

काका, एक करून दाखवाल? खुर्चीचे हात न धरता उठून उभे राहा. सावकाश. नाही जमत? असू द्या, बसा, धरून बसा. तुमच्या मांड्यांना आधी ताकद हवी आहे, वजन नंतर बघू. या वयात आणि या वजनात मी तुम्हाला हे औषध सुरू करणार नाही. मुलाला आज रात्रीच फोन करून सांगा, पेनं घेऊ नकोस, विमानाच्या सामानात ती गोठतील की तापतील ते कुणालाच सांगता येणार नाही. गुरुवारी सकाळी माझ्याकडे या. क्रिएटिनिन, शुगर आणि हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट असतील ते घेऊन या. आणि घरी स्वयंपाक कोण करतं? सूनबाई ना? त्यांनाही बरोबर आणा.